अक्षता पडल्यानंतर : एका लग्नसराईच्या प्रकल्प नोंदी

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार. पुणे

काल कार्तिकी झाली, आजपासून तुळशीची लग्नं. फोन वाजायला लागलेत. या सराईत नेहमीच्या कामांतून मोजकी लग्नं बाजूला काढून ती निव्वळ डॉक्युमेंटरी पद्धतीनं टिपायची, असं ठरवलंय. ज्या घरांना हे मान्य असेल तीच घ्यायची. अटी फोनवर सांगून सांगून पाठ झाल्या आहेत: कुणाला "इकडे बघा" म्हणणार नाही, घातलेला हार पुन्हा घालायला लावणार नाही, मंगळसूत्र बांधताना गुरुजींना थांबवणार नाही. प्री-वेडिंग नाही, ड्रोन नाही, रील नाही.

समोरून हमखास येणारा प्रश्न : "म्हणजे कॅन्डिड ना, मॅडम?" आता याचं काय उत्तर द्यायचं? ट्रॅडिशनलवाला एक, कॅन्डिडवाला एक, व्हिडिओचे दोघं, असं पॅकेज असतं. त्यातला कॅन्डिडवाला नवरीला खिडकीत उभी करतो, बांगड्यांशी चाळा करायला सांगतो आणि म्हणतो, "माझ्याकडे न बघता हसा." ते फोटो छान येतात, माझाही प्रपंच त्यावर चाललाय. पण त्या खिडकीत त्या वेळी खरं तर कुणीच उभं नव्हतं.

सामान कमी ठेवतेय. दोन कॅमेरा बॉडी, एकीवर ३५ मिमीची रुंद लेन्स, दुसरीवर ८५ ची, लांबून चेहरा जवळ आणणारी. फ्लॅश पिशवीत. सहायक एकच, तोही नवरदेवाकडे.

१७ नोव्हेंबर, रविवार. सासवडजवळचं लॉन्स

बुधवारी विधानसभेचं मतदान, त्यामुळे प्रचाराचा हा शेवटचा रविवार. दोन पक्षांचे उमेदवार तासाभराच्या अंतरानं आशीर्वाद द्यायला येऊन गेले. दोघांनाही कॅमेरा कुठं आहे ते आपोआप कळत होतं. नवरदेवाशी हात मिळवायचा आणि नजर लेन्सकडे. एकानं तर मलाच विचारलं, "आला का?" मी तो फोटो घेतला आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या नवरीच्या मामांचाही घेतला. ते घड्याळ बघत होते, कारण मुहूर्त निघून चालला होता. लग्नाची तारीख सांगायला पत्रिकेपेक्षा हे दोन फोटो बरे.

अंतरपाटाची जागा इथं पक्की केली. बहुतेक जण नवरीच्या खांद्यामागून किंवा समोर स्टेजखालून घेतात. मला कापडाच्या कडेच्या रेषेत उभं राहायचं असतं. तिथून कापड नुसती एक उभी पट्टी दिसतं, एकीकडे ती, एकीकडे तो, आणि दोघांचं एकमेकांना न दिसणं एकाच फोटोत येतं. अडचण एवढीच की ती जागा अंतरपाट धरणाऱ्या काकांची असते. त्यांच्या कोपराखाली बसावं लागतं. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी जाऊन काकांशी बोलून ठेवलं. "बसा की, माझं काय जातंय," म्हणाले, आणि मग मंगलाष्टकाभर पाय सरकवून जागा देत राहिले.

मंगलाष्टकं आठ असतात हे म्हणायला. मावशीनं रचलेलं, शाळेतल्या बाईंनी रचलेलं, दोन्ही आडनावं यमकात बसवलेलं, असं करत माइक फिरत राहतो. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" ऐकू आलं की मी श्वास सावरते. तिथून पुढं अंतरपाट कधीही खाली येतो, वाजंत्री उठते, आणि पहिल्या सेकंदानंतर दोघांचे चेहरे व्हिडिओवाल्याच्या लाइटकडे वळतात. तो एक सेकंद मिळाला. नवरदेव गांगरला होता. नवरी मात्र त्याच्याकडे न बघता त्याच्या मागं उभ्या धाकट्या दिराला हसत होती. तो तोंडात अक्षता टाकून चघळत होता.

तांत्रिक : मागं एलईडी वॉल. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरावं तर फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकलवर यावं लागलं. स्टेजवरचे दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/१०० सेकंद किंवा त्याहून सावकाश. हलणाऱ्या हातांना ते पुरत नाही. हलू देत.

मग जेवणं. शेवटची अक्षता पडायची खोटी, हजारभर खुर्च्या पाच मिनिटांत रिकाम्या. ट्रॅडिशनलवाला आणि व्हिडिओची पोरंही पानावर बसली, त्यांचं चूक नाही, पहाटेपासून उभी होती. स्टेजवर गुरुजी, जोडपं, नवरीचे आईवडील, एक आत्या. होम पेटला. भावाला शोधायला माणूस पाठवला, तो पंगतीत वाढत होता. खरकट्या हातानं धावत आला, धोतराला हात पुसले आणि बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या. मग कानपिळी. रीतीपुरता पिळायचा तो कान त्यानं जरा जोरातच पिळला, आणि दिवसभरात नवरदेव पहिल्यांदा मोठ्यांदा हसला. प्रेक्षक म्हणून खुर्च्या आवरणारी दोन पोरं. त्यांनी खुर्च्या ठेवल्या आणि सातही पावलं होईस्तो बघत उभी राहिली. आजचं लग्न मला इथं मिळालं.

१९ नोव्हेंबर

निवड सुरू. हळदीचे फोटो रडवणार. स्टेजच्या जांभळ्या पार लाइटखाली हळद चिखलासारखी दिसते. काही कृष्णधवल करून सुटतील, पण हळदीचा फोटो कृष्णधवल करणं ही पळवाट आहे. शक्य तिथं रंग दुरुस्त करायचा, नाही तिथं फोटो सोडायचा.

सप्तपदीवरून आठवलं म्हणून लिहून ठेवते. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ : जिथं सप्तपदी विधीचा भाग आहे, तिथं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदानं हिंदू विवाह ठरत नाही. म्हणजे हजार माणसं ज्यावर अक्षता टाकून जेवायला जातात त्याहून कायद्याला जवळचं जे आहे, ते खुर्च्या आवरणाऱ्या पोरांनी पाहिलं. आणि बहुतेक अल्बमांत त्याचे फोटो दोन-तीन, तेही "गुरुजी, जरा परत चालायला लावा" असं म्हणून घेतलेले.

१ डिसेंबर, रविवार. उरण

पुढच्या लग्नाच्या घरी जाऊन आले. आगरी कुटुंब. नवरीच्या आजीनं स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढला, काळी पानं, कोपऱ्यात चिकटवलेले चौकोनी फोटो. १२० ची फिल्म, एका रोलमध्ये बारा फोटो. फोटोवाल्यानं दोन रोल आणलेले असावेत, कारण चोवीसच्या वर फोटोच नाहीत. त्यातले अर्ध्याहून अधिक ग्रुप. सगळे ताठ, हात मांडीवर, कुणी हसत नाही.

मी मनातल्या मनात नाक मुरडलं, आणि आजी मात्र बोटानं एकेक चेहरा दाखवत तासभर बोलल्या. हा वहिवाटीच्या भांडणानंतर पहिल्यांदा आमच्या दारात आला तो. ही पुढं बाळंतपणात गेली. याला बुटांचा शौक, म्हणून पाय पुढं. चोवीस फोटोंत गावकीचा सगळा इतिहास. माझ्या मागच्या लग्नाच्या निवडक सहाशे फोटोंवर पन्नास वर्षांनी कुणी तासभर बोलेल का, कोण जाणे. पहिला बदल लगेच केला : ग्रुप घ्यायचे, नीट घ्यायचे, आणि प्रत्येकात कोण कोण आहे ते त्याच दिवशी लिहून घ्यायचं. नावानं आणि नात्यानं.

१४–१५ डिसेंबर. उरण

हळदीला डीजे असणार हे गृहीतच होतं, बेंजोही होता. त्याआधी मागच्या पडवीत जे चाललं त्यासाठी मी आले होते. आगरी लग्नांत बऱ्याच विधींचं पौरोहित्य परंपरेनं धवलारीण करते. बाईच. पोथी नाही, सगळं तोंडपाठ. ती धवल्याची, म्हणजे लग्नगीताची, ओळ सुरू करते, बाकीच्या बाया उचलतात. मांडव, हळद, प्रत्येकाचं गाणं वेगळं. आता ही गाणी येणाऱ्या बाया थोड्या उरल्यात, काही घरांत मोबाइलवर लावतात.

ही धवलारीण सत्तरीच्या पुढची, अंगानं बारीक, आवाज खडा. मला बघून म्हणाली, "फोटू कारशील, पन गानं कसा येल त्यान?" याला उत्तर नव्हतं. छोटा रेकॉर्डर होता, विचारून तिच्या बाजूच्या सुपात ठेवला. मग फोटो घेत बसले. पडवीत एकच पिवळा बल्ब, कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून आयएसओ ६४००, फोटो दाणेदार येणार, येऊ देत. पहिल्या गाण्यापासून एक गोष्ट लक्षात आली : ओळ आठवेनाशी झाली की ती डोळे मिटून अंगठ्यानं बोटांची पेरं मोजते, आणि समोरची सून तिच्या ओठांकडे टक लावून बघते. ओळ सापडली की सुनेचे ओठ आधी हलतात. हे गाणं पुढं जाणार असेल तर याच बाईकडे जाणार. मी ८५ काढून ठेवली आणि ३५ घेऊन दोघींच्या मधे बसले. फोटोत एक अंगठा आणि एक तोंड, बाकी काळोख.

बाई असण्याचा उपयोग इथं होतो. पडवीत, चुडा भरताना, शालू नेसवताना मला कुणी बाहेर काढत नाही. पण आत सोडलं म्हणजे सगळं टिपायला सोडलं असं नाही. नवरी साडी बदलताना कॅमेरा गळ्यातून काढून कपाटावर ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. तो पिशवीत असला की बायांना खात्री वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न, भरगच्च, मजेत. लिहिण्यासारखं फार नाही. धवलारीण गर्दीत मागच्या खुर्चीवर बसून आइस्क्रीम खात होती, तो फोटो आहे.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार. पुणे

पौष चालू आहे, बहुतेकांच्या तारखा नाहीत. या दोघांना पौषाचं सोयरसुतक नाही. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या, नोंदणी विवाह. नोटीस डिसेंबरातच दिलेली, तीस दिवस उलटले, आज तीन साक्षीदार घेऊन विवाह अधिकाऱ्यांसमोर.

बाहेर बाकांवर रांगेनं जोडपी. एकीनं शालू नेसलेला, एकजण ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. आत फोटो काढायला परवानगी मिळेपर्यंत अर्धा वेळ गेला. मग टेबलावर जे दिसलं ते असं : छोटा वेबकॅम, अंगठा घ्यायचं यंत्र, आणि त्या वेबकॅमसमोर एकेक करून जोडपं नि साक्षीदार बसतात. लिपिकबाई शांतपणे सांगतात, "हलू नका. हसू नका. झालं." आजीच्या अल्बमातले लोक बसायचे तसेच सगळे ताठ बसतात. दफ्तरी राहणारा फोटो हाच. मी तो काढला जाताना बाजूनं घेतला. नवरीच्या मैत्रिणीनं साक्षीदार म्हणून अंगठा दिला आणि शाई नाही म्हणून जरा हिरमुसली. तिला निळा अंगठा हवा होता.

संध्याकाळी घरच्या गच्चीवर पन्नासेक माणसांत सत्यशोधक पद्धतीनं सोहळा. पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ चा, समाज स्थापन झाला त्याच वर्षीचा. भटजी नाही, मुहूर्त नाही. मला छायाचित्रकार म्हणून यात वेगळं काय सापडलं, तर फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधूवर स्वतः बोलतात. एरवी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मिटलेली तोंडं असतात, बोलतात ते बाकीचे. इथं ती कागद धरून मोठ्यांदा त्याला अट घालत होती आणि तो हो म्हणत होता, आणि पुढच्या रांगेत नवरदेवाचे वडील ओठ घट्ट मिटून ऐकत होते. माझ्या सवयीप्रमाणे मी कडेला जाऊन बसले होते. उठून सरळ तिच्या समोर गेले, कागद, तोंड आणि त्याचे कान एकत्र यावेत म्हणून.

२६ जानेवारी

सासवडच्या घरी फोटो दाखवले. लाह्या, कानपिळी, खुर्च्यांची पोरं, हे सगळं त्यांना आवडलं. मग नवरीची आई हळूच म्हणाली, "सगळं छान आहे हो, पण आमच्या बारामतीच्या आत्याबाई कुठंच नाहीत." त्या लग्नाला होत्या, मुहूर्ताआधी निघून गेल्या, मानपानाचं काहीतरी. मग बसून सगळा डेटा चाळला. सापडल्या. आहेराच्या टेबलामागं, तोंड वळवून, कुणाशी तरी तावातावानं बोलताना. रुसवा फोटोत स्पष्ट दिसतोय. आई बघून हसल्या आणि म्हणाल्या, हाच द्या, त्यांना नको दाखवायला.

डॉक्युमेंटरी म्हणून मिरवणाऱ्या आमच्या मंडळींत ग्रुप फोटोला हसायची पद्धत आहे. मला ती आता पटत नाही. घरासाठी लग्नाचा फोटो ही आधी हजेरी असते : कोण आलं, कोण कुणाशेजारी उभं राहिलं, कोण राहिलं नाही. स्टेजवरची रांग आणि आहेराच्या टेबलामागचा रुसवा, दोन्ही त्याच हजेरीपटावरच्या नोंदी. माझं काम दुसऱ्या नोंदी घेण्याचं, पण पहिल्या असल्याशिवाय दुसऱ्यांचा अर्थ लागत नाही. उरणला हे कळलं नसतं तर सासवडला वाद घातला असता.

१५–१६ फेब्रुवारी. जयसिंगपूर

शिरोळ तालुक्यातलं घर, लग्न जयसिंगपूरच्या कार्यालयात. नवरीचे वडील कोविडात गेलेले. कन्यादानाला काका-काकू बसणार, हे पत्रिका छापायच्या आधीपासून ठरलेलं.

हळद घरीच, सकाळी. पाच सवाष्णी, उखळ-मुसळ, गाणी. आई उंबऱ्याच्या आत, हातात हळदीची वाटी, कारण वाटी आणून द्यायचं काम तिचं. लावायचं नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून होते. आत आई, बाहेर पाटावर मुलगी, दोन्ही दिसत होतं. पहिली सवाष्ण वाटी घ्यायला पुढं झाली तेवढ्यात नवरीची आज्जी, म्हणजे आईची सासू, जोत्यावरून म्हणाली, "तूच लाव की पयल्यांदा. तुजीच लेक हाय न्हवं." गाणं थांबलं. आई हलली नाही. आज्जी उठली, तिच्या मनगटाला धरून तिला पाटापाशी आणली.

याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग शासनानंही इतर गावांना तसं कळवलं. तो ठराव या अंगणात कुणाच्या बोलण्यात आला नाही. आज्जीला तो माहीत असेल किंवा नसेल.

आईनं लावली. आधी पायांना, मग हातांना, गालापर्यंत जाताना बोटं थरथरत होती. त्या क्षणी मी काय करत होते, तर मागं सरकत होते. आईचा चेहरा जवळून घ्यायचा मोह फार होता, ८५ हातातच होती. पण मला अंगण हवं होतं. त्या फोटोत डावीकडे आज्जी अजून मनगट धरून, मधे आई-लेक, आणि उजवीकडे सवाष्णींपैकी एक, वाटी नाकारली गेलेली, पदर तोंडाला लावून मान फिरवलेली. गाणं तिनंच थांबवलं होतं.

रात्री फोटो उतरवले. दोन्ही कार्डं, दोन डिस्क, एक सहायकाच्या बॅगेत. उद्या वेगवेगळ्या गाड्यांनी.

२ मार्च

जयसिंगपूरच्या आईंना तो फोटो पाठवण्याआधी फोन केला. त्यात मान फिरवलेल्या बाई त्यांच्या सख्ख्या चुलत जाऊ. घरात वाद नको, म्हटलं, पाहिजे तर कडेनं कापून देते, कुणाला कळणार नाही. त्यांनी बघून दुसऱ्या दिवशी फोन केला : "कापू नका. त्या बी व्हत्याच की तितं." अल्बममध्ये जाणार, पण दोन पानं पसरून नको, छोटा द्या, म्हणाल्या. प्रदर्शनात लावू का, विचारलं. नको. ठीक, लावणार नाही. माझ्या मते हा या सराईतला सगळ्यात चांगला फोटो, आणि तो एका घराच्या कपाटात राहणार.

२१ मार्च

अल्बमची शीटं लॅबला दिली. १२ बाय ३६ इंच, एनटी, म्हणजे न फाटणारी. सुरुवातीला ग्रुप, नेहमी शेवटी असतात ते पुढं आणले, खाली नावं आणि नाती. लॅबवाल्यानं दोनदा फोन करून खात्री केली, "मॅडम, नावं छापायची? आणि ब्लर बॅकग्राउंड, फुलांची बॉर्डर काहीच नाही?" काहीच नाही. नावांचे उच्चार तपासायला उरणच्या आजीला फोन. त्यांनी दोघांची टोपणनावं दिली, तीच छापतोय.

धवल्यांचं ध्वनिमुद्रण घरच्यांना पेन ड्राइव्हवर दिलं. सुनेनं ते ऐकून कळवलं, तिसऱ्या गाण्यात दोन ओळी राहिल्यात, येऊन परत घे.

२८ मार्च

परवा पाडवा, मग एप्रिलच्या तारखा, ३० एप्रिलला अक्षय तृतीया, तिची तर दोन घरांची विचारणा आहे. करारनाम्यात नव्यानं घातलेल्या ओळी : घरातल्या एका माणसानं, शक्यतो आत्या किंवा मामीनं, सकाळीच दहा मिनिटं देऊन कोण कुणाचं ते सांगावं. फोटोतल्या कुणाचीही हरकत असेल तर तो फोटो घराबाहेर जाणार नाही. कार्यालयानं होमाच्या वेळी एलईडी वॉल बंद ठेवावी. सप्तपदी पूर्ण होईपर्यंत छायाचित्रकार जेवायला बसणार नाहीत, त्यांची दोन पानं मागं राखून ठेवावीत. शेवटच्या ओळीवर सहायकानं सुचवलेली दुरुस्ती मान्य : "गरम".